आपली वाट कोण पाहतं?



जयपूरला मराठी माणूस नवा नाही. सवाई जयसिंगांच्या दरबारात जगन्नाथ सम्राट होते. मूळचे महाराष्ट्रातले ब्राह्मण. अरबी शिकले, टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणून त्याचा ‘सम्राटसिद्धान्त’ केला, युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने आणली. जंतरमंतर दाखवताना पाहुण्यांना आपण हे छाती फुगवून सांगतो. पुढे मराठी माणूस इथे घोड्यावर बसून चौथाई मागायलाही आला. ते मात्र पाहुण्यांना सांगत नाही. आणि त्यानंतर आला तो बदलीची ऑर्डर खिशात घालून. बँक, रेल्वे, एजी ऑफिस, लष्कर, विमा. तुमच्यातले बरेच जण या तिसऱ्या लाटेतले. तीन वर्षांसाठी आलात, मुलांच्या शाळा इथेच झाल्या, मालवीय नगरला नाहीतर मानसरोवरला घर झालं, आणि निवृत्तीच्या दिवशी प्रश्न उभा राहिला: पुण्याला परतायचं की इथेच राहायचं? ज्यांनी ‘इथेच’ म्हटलं ते आज माझ्यासमोर बसले आहेत.

संयोजकांनी मला विषय दिला, ‘निवृत्तीनंतरचं सार्थक जीवन’. मी फोनवर म्हटलं, अहो, ते ‘सार्थक’ काढा, माणसं दारातूनच परत फिरतील. आधीच निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि घड्याळ देऊन सगळ्यांनी सल्ले दिलेले असतात. आता छंद जोपासा. आता स्वतःसाठी जगा. आता अध्यात्माकडे वळा. (घड्याळ का देतात, हे मला कधी कळलेलं नाही. ज्याला उद्यापासून वेळेवर कुठेच पोचायचं नाही, त्याला घड्याळ!) या सल्ल्यांत वाईट काही नाही. पण ते ऐकून किती जणांच्या मंगळवार दुपारचा प्रश्न सुटला?

मी तीन गोष्टी बोलणार आहे. ही साठी आली कुठून, ही पहिली. दुसरी, जयपूरशी नातं असलेल्या काही माणसांनी उतारवयात काय केलं. आणि तिसरी, घरातल्या बाईचं काय. मधे भरकटलो तर अध्यक्षांनी घंटी वाजवावी.

साठी हा निसर्गाचा नियम नाही, हे आधी लक्षात घेऊ. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८९ साली, वृद्धापकाळाच्या पेन्शनचा कायदा झाला. वय ठेवलं होतं सत्तर. त्या काळात सत्तरीला पोचणारे किती? सरकारी तिजोरीला परवडतील इतकेच. १९१६ मध्ये ते वय पासष्टवर आलं आणि जगभर तोच आकडा रुजला. आपल्याकडे केंद्र सरकार आधी पंचावन्नला घरी पाठवायचं. १९६२ मध्ये अठ्ठावन्न केलं, १९९८ मध्ये साठ. महाराष्ट्र शासनाचा बहुतेक कर्मचारी आजही अठ्ठावन्नला निवृत्त होतो, राजस्थानचा साठाव्या वर्षी. म्हणजे काय, सह्याद्रीत माणूस दोन वर्षं आधी म्हातारा होतो आणि अरवलीत दोन वर्षं उशिरा? हा कारभाराच्या सोयीचा आकडा आहे. खाली वाट पाहणाऱ्या पोरांना जागा मिळावी, वरच्यांच्या पगाराचा बोजा उतरावा, यासाठी कुठेतरी रेघ ओढावी लागते. रेघ ओढली, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती नोकरीची रेघ आपण आपल्या अंगावर ओढून घेतो, तिथे घोटाळा होतो.

आणि त्या रेघेच्या पलीकडे आता पुष्कळ जागा आहे. १९५१ साली या देशात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं. आज ते सत्तरीच्या घरात आहे. आणि जो साठीला पोचला, त्याच्या पुढे सरासरी सतरा-अठरा वर्षं असतात. बालवाडीपासून पदवीपर्यंत जेवढी वर्षं घालवली, तेवढीच पुन्हा! तेव्हा अभ्यासक्रम ठरलेला होता, आता कुणीच ठरवून देत नाही.

परवाच १७ डिसेंबर झाला. पेन्शनर मंडळींना ही तारीख सांगायला नको. १९८२ साली याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्याचा निकाल दिला. १९७९ मध्ये सरकारने पेन्शनचं सूत्र सुधारलं, पण ठरावीक तारखेनंतर निवृत्त होणाऱ्यांपुरतंच. आधी निवृत्त झालेले कोरडेच राहिले. संरक्षण खात्यातून १९७२ मध्येच निवृत्त झालेले डी. एस. नाकरा कोर्टात गेले. पाच न्यायाधीशांच्या त्या पीठावर सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड होते, तुळजापूरकर होते. पेन्शन ही सरकारची कृपा नव्हे, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे, आणि तारखेची कात्री लावून पेन्शनरांत दोन जाती करता येणार नाहीत, असं न्यायालय म्हणालं. त्यानंतर १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन झाला.

मला या खटल्यातली एक वेगळीच गोष्ट भावते. नाकरांबरोबर एच. डी. शौरी यांची ‘कॉमन कॉज’ ही संस्था अर्जदार होती. शौरींचा जन्म १९११चा. सनदी सेवेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी १९८० मध्ये ही संस्था काढली. वय मोजा, एकोणसत्तर. पेन्शन खात स्वस्थ बसण्याच्या वयात त्यांनी लाखो अनोळखी पेन्शनरांचं गाऱ्हाणं आपलं मानलं. तुमच्या खात्यात महिन्याच्या शेवटी जे जमा होतं, त्यात एका निवृत्त माणसाच्या निवृत्तीनंतरच्या उद्योगाचाही वाटा आहे.

अर्थात, ज्याला निवृत्ती म्हणतात ती चीज मिळते कुणाला? जोहरी बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत रत्नांना पैलू पाडणारा कारागीर, सांगानेरला दिवसभर उभं राहून कापडावर ठसे मारणारा छीपा, यांना कोण निरोप समारंभ करतं? तिथे आधी डोळे निवृत्त होतात, मग कंबर, माणूस शेवटी. खाजगी कारखान्यात तीस वर्षं घालवलेल्याला ईपीएस-९५ खाली मिळणारी किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपयेच आहे. जगण्याचा हेतू वगैरे भाषा आपण करू शकतो, कारण किराणा भरलेला आहे. एवढं भान ठेवून पुढे बोलू.

आता दुसरी गोष्ट. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

जयपूर संस्थानातल्या उणियारा या ठिकाणी १८५५ साली एक मुलगा जन्मला. आज ते गाव टोंक जिल्ह्यात येतं. मुलाचं नाव अल्लादिया. पुढे हा अल्लादियाखाँ गवई म्हणून नावारूपाला आला आणि ऐन उमेदीत, आमलेट्याच्या दरबारात गाऊन गाऊन, त्याचा आवाज बसला. दोनेक वर्षं गळा गेला. गवयाचा गळा जाणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. आवाज परतला तो पूर्वीचा नव्हता. मग त्यांनी त्या बदललेल्या गळ्याला साजेल अशी गायकी नव्याने बांधली, पेचदार, लयीशी गुंतलेली, श्वासाचा हिशेब मागणारी. जिला आपण आज जयपूर-अत्रौली म्हणतो, ती अशी हरवलेल्या आवाजातून निघाली, असं जाणकार सांगतात.

पण माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. खाँसाहेब कोल्हापूरला शाहू महाराजांच्या पदरी दरबारी गायक होते. १९२२च्या मे महिन्यात शाहू महाराज गेले. आश्रयदाता गेला. त्या वेळी खाँसाहेबांचं वय सहासष्ट. आजच्या भाषेत बोलायचं तर नोकरीही गेली आणि वयही उलटलं. त्यांनी काय करावं? मुलं कर्तबगार होती, मंजीखाँ आणि भूर्जीखाँ. नाव झालेलं होतं. कोल्हापुरात नातवंडांना खेळवत बसले असते तरी कुणी बोल लावला नसता.

ते मुंबईला गेले. तिथे त्यांच्यासमोर गोव्याच्या केरी गावची एक तिशीतली गायिका बसली होती. १९२१ पासून तिची तालीम सुरू झाली होती. केसरबाई केरकर. पुढची पंचवीस वर्षं, १९४६ मध्ये खाँसाहेबांचे डोळे मिटेपर्यंत, ही तालीम चालली. जरा विचार करा, सहासष्ट ते नव्वद! रोज कित्येक तास. एकेक पलटा, एकेक जागा पुन्हापुन्हा. मनासारखं उतरेपर्यंत पुढे जायचं नाही. मोगूबाई कुर्डीकर याच मुशीतल्या. त्यांच्या पोटी किशोरी आमोणकर. तिकडे मंजीखाँ-भूर्जीखाँकडून मल्लिकार्जुन मन्सूर. खाँसाहेब सहासष्टाव्या वर्षी खुर्चीत मागे रेलले असते, तर हे घराणं आज केवढं उरलं असतं? जयपूरचं नाव लावणारी ही गायकी जयपुरात कमी आणि कोल्हापूर-मुंबई-गोव्यात जास्त वाढली, त्याला कारण एका वृद्ध माणसाची ही पंचवीस वर्षं.

यात मला दिसतं ते असं. खाँसाहेबांनी आपल्या जीवनाचा हेतू शोधला नाही. त्यांना शोधायची गरजच पडली नाही. सकाळी तंबोरा जुळवून कुणीतरी त्यांची वाट पाहत होतं. उत्तम शिकायला आसुसलेलं, चुकलं की चिडणारं, हट्टी, तडफदार कुणीतरी. केसरबाईंना गुरूची गरज होती हे खरंच. पण गुरूलाही त्यांची तितकीच गरज होती. थकलेल्या गळ्यातली गायकी दुसऱ्या गळ्यात उतरल्याशिवाय जगणार नव्हती.

तेव्हा ‘मी आता काय करू?’ हा प्रश्न मुळात उलटा आहे, असं माझं म्हणणं आहे. विचारायचं ते हे: माझी वाट कोण पाहतंय? मी नाही गेलो, तर कुणाचं काम अडेल? उत्तर ‘कुणीच नाही’ असं आलं, तर दुःख वाटेल, वाटू द्या. पण मग जिथे माणसं वाट पाहत बसली आहेत तिथे जाऊन उभं राहा.

तशी जागा याच शहरात आहे. भगवान महावीर विकलांग सहायता समितीचं केंद्र. मी काल सकाळी तिथे जाऊन आलो. बाकावर माणसं बसलेली. कुणाचा पाय गुडघ्याखाली गेलेला, कुणाचा वर. तुटक्या पायाच्या टोकाला प्लास्टरची पट्टी गुंडाळतात, त्या साच्यात प्लास्टर ओतून पायाचा आकार काढतात. मग एचडीपीईचा पाइप, हो, शेतात पाणी नेतात त्या जातीचाच, भट्टीत तापवतात आणि मऊ झाल्यावर त्या आकारावर ओढून बसवतात. खाली रबराचं पाऊल. थोड्या वेळाने तो माणूस दोन आडव्या दांड्यांमध्ये उभा असतो, हात सोडायला घाबरतो, आणि समोर कारागीर उभा असतो, जो कित्येकदा स्वतःच कृत्रिम पायावर चालणारा. पैसे घेत नाहीत. आधी नंबर लावावा लागत नाही. बहुतेकांना त्याच दिवशी पाय मिळतो. या पायाने मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं, चिखलात उतरता येतं, अनवाणी देवळात जाता येतं. विलायती पायाला हे जमत नव्हतं, कारण तो खुर्चीवर बसणाऱ्या आणि बूट घालणाऱ्या माणसासाठी केलेला होता.

हे पाऊल १९६८च्या सुमारास इथल्या सवाई मानसिंग रुग्णालयात घडलं. डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा, ज्यांना सगळे मास्टरजी म्हणत. मास्टरजी कारागीर, फार शिकलेले नाहीत. टायरवर रबर चढवण्याची रीत पाहून त्यांना रबराचं पाऊल सुचलं. १९८१चा मॅगसेसे पुरस्कार सेठींना मिळाला. मास्टरजींचं नाव मात्र लोकांना मुद्दाम सांगावं लागतं. आपल्याकडे हाताने करणाऱ्याचं हे असंच होतं.

पण पाऊल तयार झालं म्हणजे ते पायापर्यंत पोचलं असं नव्हे. ते पोचवलं देवेंद्रराज मेहता या सनदी अधिकाऱ्याने. १९६९ मध्ये जैसलमेरला असताना त्यांना मोठा अपघात झाला. पाय कापावा लागेल अशी वेळ आली होती, वाचला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना प्रश्न पडला, माझा वाचला, ज्यांचा गेला त्यांचं काय? १९७५ मध्ये त्यांनी ही समिती स्थापन केली. नंतर ते रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर झाले, १९९५ ते २००२ सेबीचे अध्यक्ष होते. शेअर बाजाराचा लगाम हातात असलेला माणूस! २००२ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी पूर्ण वेळ या कामाला दिला. आजवर वीस लाखांवर माणसांना इथून पाय, कॅलिपर, कुबड्या, सायकली अशी काही ना काही मदत मिळाली आहे.

या गोष्टीतलं माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं काय? १९७५ आणि २००२ या दोन सालांमधलं अंतर. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांना काम शोधायचं नव्हतं. काम सत्तावीस वर्षं आधीपासून त्यांच्यासाठी थांबलं होतं. या सभागृहात मागच्या रांगेत काही पन्नाशीतली मंडळी दिसताहेत, आई-वडलांना घेऊन आलेली. बाबांनो, हे व्याख्यान खरं तर तुमच्यासाठी आहे. साठीला जे करायचं ते पन्नाशीत हळूच सुरू करा, रविवारचे दोन तास का होईना.

आणि ज्यांनी तसं केलं नाही त्यांचं काय? त्यांना दार बंद आहे का? मुळीच नाही. धोंडो केशव कर्वे आठवा. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून १९१४ मध्ये निवृत्त झाले. वय छप्पन्न. विधवा मुलींसाठीचा हिंगण्याचा आश्रम उभा होता, लोक अण्णा म्हणून पाया पडत होते, तेवढ्यावर थांबले असते तरी इतिहासात नाव राहिलं असतं. १९१५ मध्ये जपानच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका हाती पडली आणि त्याच वर्षाअखेर मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये विद्यापीठ सुरू! वय अठ्ठावन्न, म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या हिशेबाने निवृत्तीचं वय. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख दिले आणि विद्यापीठाला ठाकरसींच्या आईचं नाव लागलं. सत्तरी ओलांडल्यावर अण्णा परदेश फिरून आले. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढलं. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न. मी हे कौतुकासाठी सांगत नाही; अण्णांइतकं आयुष्य आणि अण्णांइतका चिवटपणा कुणाच्या वाट्याला येतो? पण एक बारकावा पाहा. प्रत्येक वेळी ते ‘आता माझं काय’ म्हणून निघालेले नाहीत. विधवा मुली, मग शिकू पाहणाऱ्या बायका, मग शाळा नसलेली गावं. दर वेळी समोर दुसरं कुणीतरी आहे.

याच्या उलट आपल्या रंगभूमीवरचा निवृत्त माणूस पाहा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’, १९७०. गणपतराव बेलवलकर निवृत्त होतात, सगळी इस्टेट मुलांना देऊन टाकतात, आणि मग जे होतं ते पाहून आपण रुमाल भिजवतो. घरी येऊन मुलांकडे संशयाने बघतो. ताट आणि पाटाची म्हण सगळ्यांना पाठ. तो धडा बरोबरच आहे. घर आपल्या हयातीत आपल्या नावावर ठेवा, हे मीही सांगेन. पण इस्टेट हातात ठेवली असती तर गणपतराव सुखी झाले असते, असं वाटतं तुम्हाला? मला नाही वाटत. त्यांच्या हातून पैशाआधी प्रेक्षक गेला होता. संध्याकाळ झाली की ज्यांच्यासाठी तोंडाला रंग लावायचा, ती माणसं गेली होती. आणि त्यांनी कुणाला शिष्य केलं नाही. अल्लादियाखाँ आणि बेलवलकर, एक खरा, एक कल्पनेतला. दोघांचं वैभव ओसरलेलं, दोघंही कलावंत. एकाच्या समोर केसरबाई होत्या, दुसऱ्याच्या समोर आरसा.

जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तले नाना-नानी तर निव्वळ वाट पाहतात. मुलाच्या पत्राची, फोनची. आज तुमच्यापैकी कितीतरी जण तेच करत असतील, फक्त पत्राच्या जागी व्हिडिओ कॉल आला आहे आणि सॅन होजेमध्ये आता किती वाजले, याचा हिशेब डोक्यात पक्का आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण चोवीस तासांतला तो अर्धा तास. उरलेल्या वेळात आपणही कुणाच्या तरी वाटेवर असायला हवं ना?

तिसरी गोष्ट. माझ्या भगिनी मघापासून एकमेकींकडे बघून हसताहेत, ते मला दिसतंय. निवृत्ती कुणाची, असंच म्हणायचंय ना तुम्हाला? साहेब निवृत्त झाले की बाईसाहेबांच्या कामाचे तास वाढतात. अकराचा चहा नवीन सुरू होतो. दुपारी घर जे तिचं असायचं, ते तिचं राहत नाही. आणि ऑफिसात चाळीस माणसांवर नजर ठेवलेला गृहस्थ आता एका बाईच्या फोडणीवर नजर ठेवतो. याला मी निवृत्ती म्हणत नाही, ही बदली झाली. मुख्यालय फक्त स्वयंपाकघरात हललं. पुरुष मंडळींनी एवढं करावं: एक वेळचा स्वयंपाक पूर्णपणे, भांडी आवरण्यासकट, आपल्याकडे घ्यावा. ‘मदत’ म्हणून करू नये, जबाबदारी म्हणून करावा. कारण तिथेही, बघा, रोज कुणीतरी वाट पाहतंच आहे.

पण बाईच्या उतारवयाबद्दल खरं शिकायचं असेल तर अजमेरच्या रस्त्याने किशनगढजवळच्या तिलोनियाला जावं. बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये तिथे काम सुरू केलं. ते बेअरफूट कॉलेज म्हणून जगाला माहीत आहे. तिथे खेड्यातल्या आज्यांना सौरऊर्जेचं काम शिकवतात. आज्यांना! ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, अशा बायकांना. सर्किट जोडणं, दिवे बसवणं, दुरुस्त करणं, सहा महिन्यांत. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांतून आज्या येतात, त्यांचा खर्च भारत सरकार उचलतं. एकीची भाषा दुसरीला कळत नाही. खुणांवर, रंगांवर, हाताने दाखवून शिकतात. तरुण का नाही घेत? रॉय यांचं उत्तर रोकठोक आहे: तरुणाला प्रमाणपत्र मिळालं की तो शहराकडे पळतो. म्हणून तिथे प्रमाणपत्रच देत नाहीत. आजी कुठे जाणार नाही; तिला आपल्या गावात उजेड पाहायचाय. आपण ज्याला वयाचा कमीपणा म्हणतो, हलता न येणं, एका जागी रुतून बसणं, तीच तिथे पात्रता ठरली. आणि पुरुषांबद्दल रॉय काय म्हणतात, ते मी इथे सांगत नाही, जेवण व्हायचंय. घरी जाऊन बायकोला विचारा, ती न ऐकताही सांगेल.

आता एक आक्षेप. माझे एक स्नेही मला म्हणतात, आयुष्यभर राबलो, आता मला काहीही करायचं नाही, दुपारी झोपायचं आणि संध्याकाळी बागेत बसायचं. त्यांना माझा सलाम. विश्रांती ही कमावलेली गोष्ट आहे आणि कुणालाही जबरदस्तीने सार्थक करू नये. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांना तर हा प्रश्नच पडत नाही; त्यांचा दिवस भरून वाहतो. माझं भांडण वेगळ्या माणसाशी आहे. जो निवृत्त होतो आणि खुर्ची बरोबर घेऊन येतो. सोसायटीच्या सभेत, मंदिराच्या ट्रस्टवर, ज्येष्ठ नागरिक संघात, आणि हो, मराठी मंडळांतही. वीस-वीस वर्षं एकच अध्यक्ष. तरुण मंडळी येत नाहीत म्हणून खंत करायची, आणि आली की त्यांना सतरंज्या उचलायला लावायचं. दारावर पाटी असते, माजी अधीक्षक अमुक, निवृत्त उपसंचालक तमुक. अहो, पोस्टमनला तुमचं पद कशाला हवं? पद उतरवल्याशिवाय शिकवता येत नाही आणि शिकताही येत नाही. मेहतांच्या केंद्रात पाय लावायला आलेल्या माणसाला सेबी म्हणजे काय, हे कुठे माहीत असतं!

तेव्हा आता तुमच्याकडे मागणं. जयपुरात तुमची वाट पाहणारी माणसं कोण आहेत, याची यादी आम्ही गेल्या आठवड्यात बसून केली. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत रांग लागते. ऐंशीपुढच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो, हे कित्येकांना ठाऊक नसतं. म्हातारपणी बोटांचे ठसे झिजतात, यंत्र ओळखत नाही, आणि जिवंत माणूस जिवंत नसल्यासारखा परत जातो. मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला काढता येतो; तो काढून देणारं कुणी हवं. ऐंशी पूर्ण झाली की केंद्राच्या पेन्शनमध्ये वीस टक्के वाढ मिळते, तीही कित्येकांना मागून घ्यावी लागते. तुम्ही आयुष्यभर फायली हलवल्या आहात, तुमच्याइतकं हे कुणाला जमणार? शिवाय महाराष्ट्रातल्या खेड्यातून पाय बसवायला आलेल्या, हिंदी अडखळत बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून मराठीत चार शब्द बोलणारं कुणी हवं. दहावीच्या गणितात अडकलेली पोरं आपल्याच गल्लीत आहेत, त्यांच्या आई-बापांना शिकवणीची फी झेपत नाही.

बाहेर दाराशी एक वही ठेवली आहे. तिच्यात तीनच रकाने आहेत: नाव, तुम्हाला काय येतं, आणि आठवड्यातल्या कोणत्या दिवशी किती वाजता येऊ शकाल. पदासाठी रकाना ठेवलेला नाही. दिवस आणि वेळ लिहिलीत की त्या वेळी तिथे कुणीतरी तुमची वाट पाहत असेल, म्हणून जमेल तेवढंच लिहा, पण लिहिलंत तर जा. आणि कृपा करून जेवणाआधी लिहा, कारण जेवणानंतर थंडीच्या भीतीने आपण सगळे घरी पळतो.